रागावरची गोळी

कानातल्या आवाजांपेक्षा दानम्माला समुपदेशक बाईंच्या मऊ बोलण्याचा जास्त वीट आला होता. अक्कलकोटहून एसटीनं सोलापूर गाठावं आणि या शहाणीनं विचारावं, “कसं वाटतंय?” मागच्या मंगळवारी तर दवाखान्याला कुलूपच होतं. आज दानम्मा खुर्ची मागं ढकलून उठली. “कळवायला तोंड नव्हतं व्हय? उन्हात करपले की मी! लई शिकलेल्या म्हणं!” बोलणं संपलं तसा तिनं तळहात पुढं धरला. बाईंना कळेना. “हे काय?” “गोळी द्या. घरात मी ओरडले की वहिनी हातावर गोळी ठेवती.” “गोळ्या कानातल्या आवाजांसाठी आहेत. माझं चुकलं म्हणून तुम्ही रागावलात. त्याला गोळी कशाला?” दानम्मानं त्यांना वरखाली न्याहाळलं. एवढ्यासाठी कॉलेजं केली बाईनं! हात मात्र तिनं मागं घेतला. “पुढच्या मंगळवारी वहिनीला आणते,” ती फणकारली. “हेच तिला बी सांगा की.”