चावी खिशात

"पाइप गार झालाय का बघ. हात टेकवू नकोस, नुसता जवळ ने."

"गार आहे."

"बॅटरीची वायर?"

"काढली की! अहो, किती विचाराल?"

म्हातारा स्टुलावर बसून सांगत होता. गाडीच्या धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर बदलायचा होता. मुलगी दाराशी शटरचं कुलूप हातात घेऊन उभी होती.

"बाबा, आईला जमलं तर गॅरेज चालू ठेवू. नाही जमलं तर आजच कुलूप. ठरलंय ना?"

"ठरलंय," तो म्हणाला. "जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही हं. आधी स्टँड लाव."

म्हातारीनं स्टँड लावले, गाडी हलवून पाहिली आणि आडवी झाली. मग काय वाटलं कोण जाणे, उठली, गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि पुन्हा खाली गेली.

हे सांगायचं तो विसरला होता. मुलीनं बापाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"आता प्लग सोडव. सेन्सरवर तेल सोड, मुरू दे. जोर एकदम लावायचा नाही."

जुना सेन्सर कुरकुरत निघाला. तिनं बाही वर सारली. मनगटावर भाजल्याचा जुना पांढरा डाग होता.

"नव्याच्या टोकाला बोट लावू नकोस. आटा आधी हातानंच बसव. सुईत दोरा ओवतो तसा, अलगद."

"सुईदोरा काय मध्येच!" ती खालून हसली.

पाना फिरला, थांबला. तिनं प्लग जोडला, बाहेर आली, गाडी स्टँडवरून उतरवली, बॅटरीची वायर लावली. खिशातली चावी काढून इंजिन सुरू केलं. बिघाडाचा कोड पुसायचं यंत्र जोडलं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली. तो पुन्हा लागला नाही.

मुलीनं कुलूप खिळ्याला अडकवलं आणि डोळे पुसत बाहेर गेली.

म्हातारी चिंध्यांना हात पुसत त्याच्याजवळ आली.

"छान समजावून सांगता हो तुम्ही. कोणी शिकवलं?"

"बायकोनं. मी शिंपी माणूस. मला पाना धरता येत नव्हता. हे गॅरेज तिचंच."

"नशीबवान आहात," ती म्हणाली. "कुठे असतात त्या?"