डावा डोळा

तिन्ही गोळ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लागल्या. नोला तळ्याच्या बांधापर्यंत चालत गेली, खोक्यावरचा कागद काढून आणला आणि नवऱ्याच्या पुढ्यात धरला.

"डुक्कर झाडावर बसलेलं असतं, तर मेलं असतं."

"तिन्ही एका जागी आहेत ना? मग हात ठीक आहे. दुर्बीण चुकतेय." डेल्मरनं नव्या रायफलीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवला. खोक्यावर नवा कागद लावल्यावर पुढची गोळी बरोबर मधोमध बसली.

रायफल डावखुऱ्यांची होती. डेल्मर जन्माचा उजवा. पण हिवाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली आणि आता सत्तरीत गडी डाव्या खांद्याला रायफल लावायला शिकत होता. हौस नव्हती ती. टेक्ससमधल्या त्या शेतात दोनदा मका पेरला, दोन्ही वेळा रानडुकरांनी ओळीओळीनं नाक खुपसत दाणा न् दाणा खाल्ला. काल तिसऱ्यांदा पेरला. पुन्हा पेरायला हंगामच उरला नव्हता. हाही गेला तर शेत सोडून डॅलसला लेकीकडे जायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं खरं, पण दोघांच्याही जिवावर आलं होतं.

दिवस मावळताना दोघं पिकअपच्या हौद्यात दबा धरून बसले. आधी एकटाच एक नर आला, हे एवढाले सुळे.

"केवढा आहे बघ!" नोला कुजबुजली.

"असू दे. मिरवायचंय थोडंच? म्होरकी मादी पाहिजे. कळपाला वाट तीच दाखवते."

म्होरकी आली. कानफाटकी, कुणाच्या बापाला न भिणारी. मागं सगळा कळप. थेट पेरलेल्या ओळींत उतरली. डेल्मरनं रायफल खांद्याला लावली. पण गोळी सुटेचना.

"मार ना!"

"काही दिसत नाही गं. सगळं धुकं." त्याचा आवाज रडवेला झाला. "गेला वाटतं हाही डोळा."

नोलानं वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कागदावर नेम धरताना त्यानं आठवणीनं उजवा मिटला होता. समोर डुक्कर दिसताच जन्मभराची सवय वर आली आणि म्हाताऱ्यानं डावा डोळा घट्ट मिटून घेतला.

"अरे मूर्खा, चांगला डोळा मिटून बसलायस! उघड तो!"

गोळी सुटली. म्होरकी जागच्या जागी कोसळली आणि बाकीचा कळप किंचाळत ओढ्याकडे पळाला. डेल्मर हसतही होता आणि डोळे पुसतही होता.

आठवड्यानं नोला शेतभर फिरली. कुठं उकरलेलं नव्हतं. मक्याची हिरवी टोकं मातीबाहेर आली होती. तिनं बांधावरूनच लेकीला फोन लावला.

"रॉबिन, आमच्यासाठी रिकामी केलेली खोली भाड्यानं देऊन टाक. आणि जुलैत कणसं खायला या सगळे."