दातांचा विमा वेगळा

शनिवारची दुपार, आणि विमा निवडायचा शेवटचा दिवस. ग्लेन आणि कोरिन, नवराबायको, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉपपुढे बसून होते. ग्लेनच्या खिडक्या बसवणाऱ्या कंपनीचा विमा घ्यायचा, की कोरिन शाळेच्या बसगाड्यांच्या ऑफिसात काम करते तिथला, एवढंच ठरवायचं होतं. पण एकदा ठरलं की वर्षभर बदलता येत नाही, त्यामुळे डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

ग्लेनचा विमा स्वस्त. पगारातून थोडंच कापणार, पण दुखणं आलं की पहिले सहा हजार डॉलर आपल्या खिशातून, मग कंपनी दार उघडणार. कोरिनचा महाग. दर पगाराला चांगला लचका तोडणार, पण दवाखान्याची पायरी चढताना छातीत धडधडायला नको. मागच्या वर्षी त्यांनी महागाचाच घेतला होता, बाळ होईल म्हणून. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही.

"यंदा माझाच घेऊ," ग्लेन म्हणाला. "आपण दोघं धडधाकट. उगाच कशाला पैसे घालवायचे?"

बिचारा कंजूष नव्हता, थकला होता. पहिल्या वेळी कोरिनने दवाखान्याच्या पार्किंगमधूनच दोघांच्याही आयांना फोन लावून गोड बातमी दिली होती. दुसऱ्या वेळी शहाणी होऊन फक्त ग्लेनला सांगितलं, तर हा बाबा त्याच संध्याकाळी पाळणा घेऊन आला. त्याचा खोका अजून तळघरात होता, न उघडलेला. परत करायला दोघांपैकी कुणाचाच पाय निघाला नाही.

आणि आता पुन्हा दिवस राहिले होते. कोरिनने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं, ग्लेनलासुद्धा नाही. सांगितलं की जातं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हा खुळेपणा आहे हे तिलाही कळत होतं, पण जीभ रेटत नव्हती.

ऑफिसात विम्याचं सगळं बघणाऱ्या प्रुइटबाईंना तिने परवाच गाठलं होतं. चुलतबहिणीसाठी विचारतेय म्हणाली. वर्षाच्या मध्येच तिला विमा बदलावासा वाटला तर? बाईंनी नियम ऐकवला. आयुष्यात मोठी घटना घडली तरच बदलता येतो. लग्न, घटस्फोट, मृत्यू, जन्म.

"आणि दिवस गेले तर?"

"ती घटना धरत नाहीत." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बहिणीला म्हणावं, शनिवारपर्यंत काय ते ठरव."

तेव्हापासून ते वाक्य कोरिनच्या डोक्यात घोळत होतं. मागे दोनदा झालं तेही कुणी घटना धरलं नव्हतं. दोन्ही वेळा सोमवारी ती कामावर हजर होती.

ग्लेन आता छपराबद्दल बोलत होता. स्वस्तातला विमा घेतला तर उरलेल्या पैशांत वसंतात छप्पर दुरुस्त करून घेता येईल, पाणी ठिबकायचं थांबेल, असं त्याचं म्हणणं.

"आणि मग जुलैत काय करायचं?" कोरिनच्या तोंडून निसटलं.

"जुलैत काय आहे?"

"दाढ," ती म्हणाली. "अक्कलदाढ काढायचीय. डॉक्टर म्हणाले, जुलैत काढू."

ग्लेन सावकाश म्हणाला, "दातांचा विमा वेगळा असतो गं."

असतोच. दातांचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. कोरिनच्या स्वतःच्या पगारातून दातांचे पैसे निराळे कापले जातात. थाप मारायची ती तरी धड मारावी, तर तेही जमलं नव्हतं. आता तो विचारणार, मग सांगावं लागणार. ती टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिली.

ग्लेनने विचारलं नाही. तो तिच्याकडे बघत होता, मग त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"तुझाच घेऊ," तो म्हणाला. "माझी पाठ धरलीय कधीची. यंदा डॉक्टरला दाखवूनच टाकतो."

ग्लेनची पाठ दुखते हे कोरिन आज पहिल्यांदाच ऐकत होती. तिने नुसती मान हलवली. रडली असती तर तेही सांगितल्यासारखंच झालं असतं. त्याने बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला.

काहीतरी करायला हवं म्हणून ती उठली. जड पाणी मऊ करायच्या यंत्राला लागणारं मिठाचं पोतं सकाळपासून दाराशी पडलं होतं. ते तळघरात न्यायचं काम नेहमी तिचंच. सवयीनं ती वाकली, पोत्याला हात घातला, तोच ग्लेन मागून आला आणि त्याने पोतं उचलून खांद्यावर टाकलं.

"अरे, तुझी पाठ?"

"पाठीला काय धाड भरलीय," ग्लेन म्हणाला आणि जिना उतरू लागला.