ब्राझीलचं पाणी

उन्मेषचा फोन बंद झाला तरी मृदुला ओट्याशी तशीच उभी होती. आठ महिने समुद्रावर काढून त्याचं जहाज आता दहेज बंदराला लागणार होतं. बडोद्याहून गाडीने जेमतेम अडीच तास. पण माल भरून ते दुसऱ्याच दिवशी निघणार होतं आणि खाली उतरायची परवानगी कुणालाच नव्हती.

बोलता बोलता त्याने आणखी एक गोष्ट ओघात सांगितली होती. जहाज ब्राझीलहून रिकामं येत होतं. रिकामं जहाज डोलू नये म्हणून त्याच्या टाक्यांत तिथल्याच खाडीचं पाणी भरून घेतात. ते वाटेत खोल समुद्रात बदलायचं, असा नियम. या खेपेला पंप बिघडला आणि कॅप्टनने पाणी बदलल्याची खोटी नोंद करून टाकली. आता ते दहेजच्या खाडीत सुटणार होतं.

उन्मेष त्या जहाजावर सेकंड इंजिनिअर होता; पंपांची देखभाल त्याच्याकडेच. मृदुला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिकडचाच एक शिंपला अशाच पाण्यातून केरळच्या खाड्यांत शिरला होता आणि मूळच्या शिंपल्यांना त्याने जागा उरू दिली नव्हती. एकदा रुजला की हटत नाही, हे ती वर्गात पोटतिडकीने सांगे. घरीही इतक्या वेळा सांगे की उन्मेष हात जोडायचा.

त्या रात्रीही सानवी फोनच्या पडद्याला पापा देऊन झोपली. पाच वर्षांच्या त्या पोरीचा बाबा म्हणजे तेवढा पडदाच.

सकाळी मृदुलाने बंदराच्या कचेरीत फोन लावला. नाव न सांगता, गुजरातीत, जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पलीकडचे साहेब "आभार, बेन" म्हणाले. फोन ठेवल्यावर तिला कळेना, हा आपण खाडीसाठी केला की स्वतःसाठी.

जहाज अडवलं गेलं. टाक्यांतल्या पाण्यात शिंपल्यांची जिवंत पिल्लं सापडली, डोळ्यांना न दिसणारी. पाणी शुद्ध झाल्याशिवाय एक थेंबही सोडायचा नाही, असा हुकूम निघाला. त्याला दिवस लागणार होते. खलाशांना पाळीपाळीने उतरायची मुभा मिळाली आणि उन्मेष बडोद्यातल्या गोत्रीच्या घराच्या दारात उभा राहिला.

सानवीने आधी त्याच्या दाढीला बोट लावून पाहिलं. मग ती त्याच्या मांडीवरून उतरेचना. तिघं कमाटीबागेत गेली, सेवउसळ खाऊन आली. तो समोर बसून लीलो चेवडो खात असतानाच मृदुलाला त्याची आठवण यायची. कपाटात त्याचे शर्ट पुन्हा लागले होते. उगाचच दार उघडून ती त्यांवरून हात फिरवी.

पण जहाजावरून बातम्या येत होत्या. कॅप्टनला काढलं होतं. बातमी बाहेर कुणी फोडली याचा कंपनी शोध घेत होती. संशय इंजिनरूमवर होता. उन्मेषने ती गोष्ट फक्त आपल्याला सांगितली होती, हे मृदुलाच्या डोक्यातून जाईना.

निघायच्या सकाळी बॅग दाराशी आली, तेव्हा तिला राहवेना.

"ती तक्रार मी केली होती," ती म्हणाली.

तो बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "ठाऊक आहे."

"तुझ्या नोकरीचा मी विचारच केला नाही रे. पण ते पाणी खाडीत सुटलं असतं तर..."

"तू सुटू दिलं नसतंस." तो उठून उभा राहिला. आत सानवी अजून झोपली होती, म्हणून त्याने आवाज खाली आणला. "पंप बिघडलाच नव्हता, मृदुला."