नवी काच

"याला काच बदलणं म्हणतेस?" ऑरव्हिलने आपलं चाळीस वर्षांचं डिजिटल घड्याळ व्हर्नाच्या काउंटरवर आपटलं. "दोनदा बदललीस, तरी आकडे धूसरच! साऱ्या डुलुथला सांगतो, ही घड्याळवाली लुच्ची आहे म्हणून."

"सांग की. तोंड आहेच तुला," व्हर्ना फणकारली. तिने घड्याळ टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनपुढे धरलं. "दिसतंय का रे काही?"

"लख्ख दिसतंय. दोन पस्तीस."

ऑरव्हिल दचकला. "पस्तीस? अगं, शाळा सुटली! पोरं खोळंबली असतील." बाहेर लावलेल्या शाळेच्या बसची किल्ली उचलून तो वळला.

 

व्हर्नाने धावत जाऊन दाराला आतून कडी घातली आणि हात पुढे केला. "किल्ली दे, ऑरव्हिल."