एक बोट कमी

सुळ्याचं टोक मुळाशी टेकायला एक बोट कमी होतं. गराएने सकाळपासून तिसऱ्यांदा मधे बोट घालून पाहिलं. डुक्कर कुरकुरलं, पण हललं नाही. सात वर्षांत त्याला या बोटाची सवय झाली होती.

"मोजल्याने वाढतं का रे ते?" त्याची बायको सेरा म्हणाली. तिने गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. माणशी एकच, असा हुकूम होता. मनारो डोंगर महिनाभर राख ओकत होता. अळूची शेतं भुईसपाट झाली होती, टाक्यांतलं पाणी काळं पडलं होतं. सगळं बेटच रिकामं करायचं ठरलं होतं. जहाज दुपारी शेजारच्या सांतो बेटाला निघणार होतं, आणि जहाजावर डुकरांना जागा नव्हती.

"सहा महिने दे रे, सहाच," गराए म्हणाला. हे तो डोंगराला सांगत होता.

पुऱ्या वळलेल्या सुळ्याचं डुक्कर गावासमोर मारलं, की मारणाऱ्याला वरच्या मानाचं नवं नाव मिळतं. गराएच्या आज्याला मिळालं होतं, बापाला मिळालं होतं. तो स्वतः सत्तरीला टेकला तरी पोरपणीच्याच नावावर होता. हातातोंडाशी आलेला घास होता हा. पुढचं डुक्कर वाढवायला आणखी सात वर्षं कुठून आणायची?

धक्क्याकडे निघालेली दहाबारा माणसं कुंपणाशी थांबली. पुढे गावचा म्होरक्या बोए होता.

"मारायचंय तर आत्ताच मार," बोए म्हणाला. "मी आहे, ही माणसं आहेत. बोटभराचं काय ते पूर्वजांना मी समजावीन. त्यांचीही वरती डोंगरात पळापळच चालली असेल."

माणसं हसली आणि हसता हसता खोकायला लागली. गराएने सोटा उचलला, थोडा वेळ धरला आणि खाली केला.

"नको. दावं सोडतो. राहील रानात. आपण परत येऊ तोवर सुळा पुरा झालेला असेल."

वरचे दात काढल्याशिवाय खालचा सुळा गोल वळत नाही, आणि तसल्या सुळ्यांच्या डुकराला राखेतून कंद उकरून खाता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गराएलाही होतं. म्हणूनच तो कुणाकडे बघत नव्हता.

सेरा डुकरापाशी बसली होती. उकडून कुस्करलेला अळूचा कंद आणि खवलेला नारळ ते तिच्या तळहातावरून खात होतं. सात वर्षं, दोन्ही वेळा, तिच्याच हातून.

"उपाशी फिरत मरेल ते, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "तुला तिकडे सुळ्याची आठवण येईल. मला ह्याची येईल."

त्याचं खाणं संपेपर्यंत ती थांबली. मग उठली, गराएच्या हातातून सोटा घेतला आणि एकाच घावात काम संपवलं. नंतर ती तिथेच बसून मोठ्याने रडली.

गराएला संताप आला. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

बोएने घसा खाकरला. "नाव मारणाऱ्याचं असतं, गराए. पण डुक्कर तुझं होतं. तू नको म्हणालास तर मी पुकारणार नाही."

"चारलं कुणी?" गराए म्हणाला. "पुकार."

बोएने सेराचं नवं नाव तीनदा पुकारलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मांसाचे तुकडे पानांत गुंडाळून वाटून घेतले आणि घाईने धक्क्याची वाट धरली.

जहाजाच्या शिडीशी एक तरुण कारकून वही घेऊन बसला होता.

"नाव?"

"सेरा," ती सवयीने म्हणाली.

"खोडा ते," गराए मागून म्हणाला. "ते सकाळपर्यंतचं होतं. नवं सांग ग त्याला, मोठ्याने."

तिने सांगितलं. कारकुनाने ते दोनदा विचारून लिहून घेतलं आणि वर पाहिलं.

"आणि आजोबा, तुमचं?"

"माझं अजून तेच," गराए म्हणाला, आणि तिचं गाठोडं त्याने आपल्या खांद्यावर घेतलं.