डोळ्यांदेखत

नकाशा मंजूर झाला आणि नवरा-बायकोत वाद सुरू झाला. घराचं काम ठेकेदाराला द्यायचं, की स्वतः उभं राहून करून घ्यायचं?

“गुडघे कुरकुरतात तुमचे. उन्हातान्हात कुठे उभे राहणार? देऊन टाका कुणाला तरी आणि मोकळे व्हा,” शेंगा सोलता सोलता ती म्हणाली.

“वेड लागलंय का? सगळा जन्म ठेकेदारीत गेला माझा. मालकाची पाठ वळली की सिमेंट कमी पडतं, सळ्या विरळ होतात, स्लॅबवर पाणी मारायला कुणी फिरकत नाही. एकदा वरून गिलावा झाला की मालकाच्या बापालाही कळत नाही. आपली नातवंडं झोपणार आहेत त्या स्लॅबखाली!”

“सगळेच ठेकेदार असं करतात?”

“सगळेच,” तो हसत म्हणाला. “मी काय आकाशातून पडलोय?”

सोललेली शेंग तिच्या हातात तशीच राहिली. मग ताट बाजूला सारून ती आत गेली आणि तिनं भावाला फोन लावला.



“दादा, यांनी चढवून दिलेल्या वरच्या मजल्यावर मुलं झोपतात ना? आजपासून त्यांना खाली झोपव.”